आतून घातलेले टाके

१

शुद्धलेखनाच्या चुका आधीच पदरात घ्या. शाळा मी लवकर सोडली आणि तेव्हापासून हातात पेनापेक्षा कात्रीच जास्त राहिली. मोठे शब्द मला येत नाहीत. आले असते तरी वापरले नसते, कारण सांगायचं आहे ते साधं आहे. माझ्या आत्याच्या हातात खोट नव्हती. आता सगळे म्हणतात की होती. तिचे डोळे गेले, तिचं लक्ष उडालं, तिने गिऱ्हाइकांच्या कोटात टेकू शिवले. हे खोटं आहे. आणि ते खोटं आहे हे ज्याला सगळ्यात जास्त ठाऊक आहे तोच माणूस ते सांगत फिरतो. याचा मला इतका राग आला आहे की बोलता येत नाही, म्हणून लिहितो. तसंही मला बोलता येत नाहीच. कारखान्यात मला ‘मौनीबाबा’ म्हणतात.

आमच्या कारखान्यात जाड कोट होतात. पहारेकरी, बर्फाच्या गोदामातले हमाल, उघड्यावर राबणारी माणसं घालतात तसले. कापड इतकं जाड की घडी घातली तर खाली बसत नाही, रुसलेल्या जावयासारखी ताठ उभी राहते. वर हे कापड, मधे कॅनव्हास, आत अस्तर. जिथे शिवणीवर शिवण येते तिथे एवढे पदर जमतात की मशीनचा पाय चढावर चढल्यासारखा तिरका होतो, टीप सुटते, सुई मोडते. म्हणून अशा जागी आम्ही पायाच्या मागे कापडाचा एक घडी घातलेला तुकडा सरकवतो. पाय सपाट बसतो. मग चाक हाताने फिरवून एकेक टाका पार करायचा आणि तुकडा काढून घ्यायचा. या तुकड्याला आम्ही टेकू म्हणतो. नवीन माणूस तो काढायला विसरतो आणि टेकू कोटातच शिवला जातो. मग बाकीचे हसतात आणि तो बिचारा दुपारभर उसवत बसतो. मीही उसवत बसलो आहे. आत्यावर ती वेळ कधी आली नाही.

आता माझं काम सांगतो. कोट उलटा जोडतात, आणि अस्तराच्या बाहीत एक वीतभर फट सोडतात. त्या फटीतून मी खांद्यापर्यंत हात घालतो, आत चाचपत कॉलर पकडतो आणि अख्खा कोट ओढून सुलटा करतो. इस्त्रीवाले काका म्हणतात, पोरगा चांगला सुईण झाला असता. कोट सुलटा झाला की ती फट मी हाताने शिवून बंद करतो. म्हणजे कोटाच्या आत शेवटचा हात जातो तो माझा. हे मी मालकांना सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं नाही.

२

थंडी पडायच्या सुमाराला आत्याने जोडलेला एक कोट इस्त्रीच्या टेबलावरून परत आला.

काकांनी तो तिच्या मशीनवर ठेवला आणि म्हणाले, “ताई, तुझ्या कोटाला कुबड आलंय.”

कॉलरच्या खाली, पाठीची मधली शिवण जिथे मानेला मिळते तिथे, एक फुगवटा होता. तळहाताएवढा. काकांनी ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवली होती, लाकडी ठोकळ्याने ठोकलंही होतं. तेवढ्यापुरता तो बसायचा, आणि कोट दांडीला लावला की पुन्हा वर यायचा.

मालक आले. त्यांनी त्या जागेला हात लावला नाही, लाकडी पट्टीने दाबून पाहिलं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. ते म्हणाले, टेकू शिवला गेलाय, दुसरं काय. आत्याने मांडीवरचा टेकू उचलून टेबलावर ठेवला. निळ्या घोंगडीचा तुकडा, वापरून वापरून मधे खोलगट झालेला. इतक्या वर्षांत तिने तो बदललेला नाही. ती म्हणाली, माझा टेकू हा असा माझ्याजवळ आहे आणि माझ्याकडे दुसरा नाही. मालक हसले. मग काय कोटाला पोर झालं का, म्हणाले. बाकीच्या बायकाही हसल्या. मालक हसले की हसावं लागतं.

मी उभा राहिलो. माझे कान गरम झाले होते. मी म्हणालो, कोट सुलटा करताना माझा हात कॉलरपर्यंत गेला होता, तिथे काही नव्हतं.

“अरे, हा बोलतो,” मालक म्हणाले. “मला वाटलं देवाकडून जीभ द्यायची राहिली. शाळेत तोंड उघडलं असतंस तर निदान पास तरी झाला असतास.”

पुन्हा हसले सगळे. मी खाली बसलो. आत्या हसली नाही. तिने टेकू परत मांडीवर घेतला, आणि त्याच्यावर उगाचच हात फिरवत राहिली.

३

आमची खोली एकच आहे. एका भिंतीला माझी खाट, दुसऱ्या भिंतीला आत्याची, मधे पडदा. आईबाबा गेल्यावर तिने मला याच खोलीत वाढवलं, तेही शिवणावर. त्या दिवशी ती नीट जेवली नाही. हात धुऊन बसली आणि भिंतीला सांगितल्यासारखी म्हणाली की तिचं नाव गेलं तर या गावात तिला कुणी दोरा ओवायलासुद्धा बोलावणार नाही. तिच्या वयाला नवीन नाव कमावता येत नाही.

मी म्हणालो, उद्याचा कोट आपण दोघं डोळ्यांत तेल घालून करू.

तसा केला. तिने पाठीची शिवण घातली तेव्हा मी शेजारी उभा होतो. मानेजवळ टेकू सरकवला, चाक हाताने फिरवलं, टेकू काढला, मला दाखवला. जोडून झाल्यावर मी फटीतून हात घातला आणि कॉलर पकडायच्या आधी मुद्दाम पाठीवरून हात फिरवला. कॅनव्हास खरखरीत लागला, अस्तर गुळगुळीत. त्यांच्या मधे हवेशिवाय काही नव्हतं. कोट सुलटा केला, फट बंद केली, काकांकडे दिला. कोट सपाट बसला. काका म्हणाले, बघ, कुबड उतरलं, आता लग्न जमेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कोट दांडीवर होता आणि कॉलरखाली फुगवटा होता.

मी स्वतःशी वाद घातला. वाफेने कॅनव्हास फुगला असेल. पण मग सगळेच कोट फुगायला हवेत. उंदीर शिरला असेल. पण कोट चारी बाजूंनी बंद होता आणि उंदराला शिवता येत नाही. कुणी तरी खोडी काढत असेल. पण आत काही घालायचं तर अस्तर उसवावं लागेल, आणि बंद केलेल्या फटीवरचे टाके माझेच होते. माझे टाके मी ओळखतो. ते काही फार चांगले नसतात.

काका कोटाजवळ जाऊन उभे राहिले होते. त्यांनी चेष्टा केली नाही. त्यांनी माझा हात धरून त्या फुगवट्यावर ठेवला. इस्त्री अजून तापायची होती, खिडकीच्या काचेवर धुकं होतं, कात्री हातात घेतली तर थंडीने बोटं चिकटत होती. आणि ती जागा ऊबदार होती. माणूस उठून गेल्यावर खुर्ची असते तशी.

४

दुपारी सगळे जेवायला अंगणात गेले तेव्हा आत्याने कोट खिडकीच्या उजेडात टेबलावर पालथा पसरला आणि कात्रीच्या टोकाने अस्तराची शिवण उसवायला सुरुवात केली. तिने मला जा म्हणून सांगितलं नाही. काका इस्त्रीच्या टेबलापाशीच डबा उघडून बसले होते, पण खात नव्हते.

अस्तर दूर केलं. आत एक पदर जास्त होता.

कापड तेच, आमचंच, त्याच गठ्ठ्यातलं. कातरलेलं नव्हतं. त्याला कडाच नव्हत्या. ते कोटाच्या पाठीतूनच आत वाढलं होतं आणि कॅनव्हासला चहूबाजूंनी हाताने शिवलेलं होतं. गाठी आतल्या बाजूला. म्हणजे शिवणाऱ्याने आत बसून शिवलं होतं. दोरा आमचा नव्हता. कापडातलीच लोकर ओढून, पीळ देऊन केलेला होता.

मी टाके बघत होतो. एका कोपऱ्यात ते वेडेवाकडे होते, एक लांब, एक आखूड, मधे कापड चुण्यांनी ओढलेलं. मला एकदम ओळख पटल्यासारखं झालं. मी शिकत होतो तेव्हा माझे टाके असेच पडायचे. मग पुढे ते सरळ व्हायला लागले. दुसऱ्या बाजूला बऱ्यापैकी सारखे. आणि मानेजवळ आले तेव्हा ते जरासे डावीकडे झुकलेले, दाट, एका मापाचे होते. तसा तिरका टाका आमच्या कारखान्यात एकच बाई घालते.

मी आत्याकडे पाहिलं. ती त्या टाक्यांवर बोट टेकवून बघत होती.

मला वाटलं, हे मालकांनी पाहिलं तर म्हणतील तूच घातलेस. त्या विचाराने मला भीती वाटली नाही, संताप आला. आत शिरून कुणी तरी तिच्या हाताचं वळण उचललं होतं, आणि त्याचा आळही तिच्यावरच येणार होता.

तेवढ्यात काकांनी बोट ओठांवर ठेवलं. आम्ही गप्प झालो. अंगणात बायकांचं बोलणं चाललं होतं, नळ ठिबकत होता. आणि कोटाच्या न उसवलेल्या अर्ध्या भागातून, डाव्या खांद्याकडून, आवाज येत होता. ज्याने जाड कापड हाताने शिवलं आहे त्याला तो आवाज सांगावा लागत नाही. आधी सुई शिरताना टक्. मग दोरा ओढला जातो तो लांब सर्र. मग जरा थांबून पुन्हा टक्.

५

आत्या मालकांना बोलवायला स्वतः गेली. मला वाटतं त्या वेळी तिला भीतीपेक्षा आनंद झाला होता. पुरावा सापडला होता.

मालक दारातच थांबले. थंडीचा कडाका, आणि त्यांच्या अंगात नेहमीसारखा पातळ स्वेटर. हात काखेत दाबून कुडकुडत होते. भिंतीभर जाड कोट लटकलेले आणि कोटांचा मालक कुडकुडतोय, हे आम्ही रोज बघत होतो, पण कुणाच्या डोक्यात त्याचा विचार आला नव्हता.

आत्याने जास्तीचा पदर दाखवला. टाके दाखवले. मालक पुढे आले नाहीत. बघून त्यांना नवल वाटलं नाही. एवढंच मला दिसत होतं, की त्यांना नवल वाटलं नाही. ते म्हणाले, कोट कशाला उसवला, वाया गेला. गिऱ्हाइकांची तक्रार नाही, उलट असा उबदार कोट दुसरीकडे मिळत नाही म्हणतात. फक्त फुगवटा दिसायला नको. तो दिसायला लागला की बाई बदलावी लागते. नवीन बाई आली की काही काळ ठीक जातं.

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी खाकरून घेतलं.

इस्त्रीवाले काका उठून उभे राहिले. त्यांना मी कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. आत्याच्या आधी त्या मशीनवर बसलेल्या बायका ते हळूहळू आठवायला लागले. चष्मेवाली. ती गाणं म्हणायची ती. ती तोतरी. प्रत्येकीचा हात बिघडला म्हणून तिला काढलं होतं, आणि प्रत्येक वेळी काकांनीही मान डोलावली होती, कारण कुबड त्यांच्याच टेबलावर सापडायचं.

आत्या शांतपणे म्हणाली, “मालक, एकदा हा कोट अंगात घाला. तुम्हाला थंडी वाजतेय.”

“मला जड कपडे सोसत नाहीत.”

“एकदाच. मग मी आपण होऊन जाते. चूक माझी होती म्हणून सांगते सगळ्यांना.”

मालक एक पाऊल मागे सरकले. मी आजवर बऱ्याच लोकांना खोटं बोलताना पाहिलं आहे, पण नुसतं मागे सरकून एवढं खरं बोललेला माणूस पाहिला नव्हता.

आत्या वळली. तिच्या चेहऱ्यावर कधी नव्हे असा लालसरपणा होता. ती म्हणाली, ठीक आहे, मग मीच विचारते. आणि आम्ही काही करायच्या आत तिने बांगड्या मागे सारल्या आणि उसवलेल्या अस्तरातून डाव्या खांद्याकडे, आवाज येत होता तिकडे, कोपरापर्यंत हात घातला.

६

आवाज थांबला.

आत्या तशीच वाकून उभी राहिली. दळणाच्या पिठात हरवलेली अंगठी शोधावी तशी ती चाचपत होती. मग तिचा चेहरा बदलला. दुखल्यासारखा नाही. कुणी तरी ओळख विचारल्यासारखा.

टक्, असा आवाज झाला. मग सर्र.

मी तिला मागून कवटाळून ओढलं. काकांनी मला धरून ओढलं. हात येत होता पण सावकाश, आणि कोट त्याच्याबरोबर टेबलावरून सरकत होता. अस्तराच्या तोंडाशी तिचं मनगट दिसलं. ब्लाउजच्या लांब बाहीची कड मनगटाला शिवलेली होती. अर्धं मनगट झालं होतं, अर्धं राहिलं होतं. टाके दाट, तिरके, एका मापाचे. रक्ताचा थेंब नव्हता. शेवटच्या टाक्यातून लोकरीचा दोरा आत अंधारात गेला होता आणि तो ताणलेला होता.

अस्तराची कड उचलली गेली होती आणि मला तेवढ्यापुरतं आत दिसलं. मी पाहिलं ते सांगतो, त्यात माझं काही घालत नाही. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला दोन बोटं होती. कापडाची होती की कापड चढवलेली होती, मला ठाऊक नाही. जाड होती आणि त्यांना नखं नव्हती. शिवताना हाताला धक्का लागला तर आपण चिमटीतला दोरा तसाच धरून थांबतो ना, तशी ती थांबली होती. चिडलेली नव्हती. काम मधेच अडलं म्हणून वाट बघत होती.

मी गळ्यातली कात्री घेतली आणि दोरा कापला. टोक सर्रकन आत गेलं.

मागे वळून पाहिलं तर मालक दारात नव्हते. बाहेर अंगणात त्यांचा आवाज येत होता. बायकांना सांगत होते की बाईला चक्कर आली, वय झालं, नजर गेली, कोटात टेकू शिवत होती हे तुम्ही पाहिलंच. उद्या नवीन बाई येईल.

दवाखान्यातल्या नर्सने टाके काढले. एकेक टाका चिमट्याने उचलताना तिने विचारलं की असे कुणी घातले, दोरा कसला हा, पण हात मात्र फार साफ आहे. मला नर्सवर ओरडावंसं वाटलं. त्यात तिचा काय दोष.

आत्या खुर्चीत बसून आपल्या मनगटाकडे बघत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “आधी त्याला येत नव्हतं रे. माझं बघून शिकलंय.”

घरी आल्यावर तिने मशीनचा विषयच काढला नाही. तिला सुई हातात धरून दाखव म्हटलं तर तिने हात पदराखाली घेतला. शिवणातलं तिला इतकं येतं, आणि आता ती सुईकडे बघतही नाही. जे तिचं होतं ते कोटाच्या आत राहिलं. वर तिची बदनामी. शेजारीण संध्याकाळी येऊन गेली तेव्हा तिलाही टेकूची गोष्ट आधीच कळलेली होती.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेआधी कारखान्यावर गेलो. काय करायचं हे ठरवलेलं नव्हतं. कुलूप उघडलेलं होतं. मालक आतल्या कोपऱ्यात हात चोळत चहाची वाट बघत होते. मला बघून म्हणाले, तुझी जागा तशीच आहे, तुझ्यावर माझा राग नाही. जणू राग धरायचा हक्क त्यांचा होता.

कालचा कोट दांडीवर होता. मी उंबऱ्यातूनच पाहिला. आत्याने उसवलेलं अस्तर मिटलेलं होतं. मालकांना बटण लावता येत नाही, काका अजून यायचे होते. मिटवलेल्या जागेवरचे टाके इतके सुंदर होते की कुणालाही वाटावं हा कोट कधी उघडलाच नव्हता. कॉलरखाली सपाट होतं.

मग ती बाई आली. माझ्याहून थोडी मोठी असेल. कात्री फडक्यात गुंडाळून छातीशी धरलेली, केस घट्ट बांधलेले, पहिल्या दिवशी माणूस येतं तशी. तिने मला विचारलं की जाड कोटांचा कारखाना हाच का. मी हो म्हणालो. ती आत जायला निघाली आणि मी दारात आडवा झालो.

ती म्हणाली, बाजूला व्हा, लांबून आलेय. मी म्हणालो, जाऊ नका. ती म्हणाली, का. आणि मला एवढं बोलायचं होतं की कुठून सुरुवात करावी कळेना, मी नुसती मान हलवत राहिलो. तिला वाटलं असणार मी वेडा आहे किंवा तिची जागा मला हवी आहे. ती चिडली. तिने मला सांगितलं की घरी खाणारी तोंडं आहेत आणि हे काम तिला मुश्किलीने मिळालं आहे. ते खरंच असणार. आत्याचंही तसंच होतं.

आतून मालकांनी मला हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. पण ते दारापाशी आले नाहीत, कारण दारापाशी यायचं तर त्या दांडीजवळून यावं लागलं असतं.

मी उंबऱ्यावर बसलो, दोन्ही हातांनी चौकट धरली आणि तिला म्हणालो, ऐकून घ्या, मग तुम्हाला वाटलं तर मला ओलांडून जा. ती उभीच राहिली. कात्री तिने खाली ठेवली नाही. मी आत्यापासून सुरुवात केली.